सायकली घेऊन रेल्वेने पासाउला: स्वतःची न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?

एल्बेकाठची

नमस्कार. गेली सहा वर्षे आम्ही जर्मनीत, हॅम्बुर्गमध्ये राहतो. येत्या जूनमध्ये डॅन्यूबच्या काठाकाठाने पासाउ ते व्हिएन्ना सायकलने जायचे, हे आता घरात पक्के ठरले आहे. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, रस्ता बहुतेक नदीलगतचा आणि सपाट आहे, त्यामुळे रोज पन्नास किलोमीटर धरले तरी आठवड्याभरात आरामात पोहोचता येईल. पुण्याहून माझे दीर आणि जाऊबाई येणार आहेत. ते विमानाने म्युनिकला उतरून आम्हाला थेट पासाउला भेटतील. मार्गाची माहिती उदंड मिळते, म्हणून ती इथे विचारत नाही. माझे घोडे अडले आहे ते त्याच्या आधीच, रेल्वेच्या फलाटावर.

नवऱ्याची साधी टूरिंग सायकल आहे. माझी बॅटरीवर चालणारी आहे आणि तिचे वजन २५ किलो भरते. पासाउ आमच्यापासून देशाच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रियाच्या उंबरठ्यावर. जलद गाडीत सायकलींचे आरक्षण करून एका दिवसात जावे, प्रादेशिक गाड्या बदलत वाटेत मुक्काम करून जावे, की सायकली घरीच ठेवून पासाउला भाड्याने घ्याव्यात? तिथे घेतलेली सायकल व्हिएन्नात परत करता येते, अशी सोय देणारी दुकाने आहेत. नवऱ्याचे म्हणणे असे की, जी सायकल वर्षभर आपल्याला पावसापाण्यात ऑफिसला नेते तिलाही सुट्टी मिळाली पाहिजे. माझे म्हणणे असे की, ती सुट्टी तिने माझ्या पाठीवर बसून घेऊ नये. ज्यांनी हा उद्योग केलेला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

मांडवी

म्युनिकहून लिहिते आहे. आधी सायकलीची जागा मिळवा, मग माणसांची तिकिटे काढा आणि हॉटेले सर्वांत शेवटी ठरवा. आम्ही पहिल्या वर्षी नेमके उलटे केले. सात रात्रींची हॉटेले ठरवून, पैसे भरून निश्चिंत झालो आणि मग कळले की हव्या त्या दिवशी सोयीच्या एकाही गाडीत सायकलीला जागा उरलेली नाही.

आयसीई या जर्मनीच्या अतिजलद गाड्यांत पूर्वी सायकलींना जवळजवळ जागाच नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये आयसीई-४ नियमित धावू लागली, तेव्हापासून ही सोय झाली, पण जुन्या बनावटीच्या अनेक गाड्यांत ती आजही नाही. त्यामुळे एकाच मार्गावर एका गाडीत सायकल चालते आणि तासाभराने येणाऱ्या दुसरीत चालत नाही. आयसीई-४ मध्ये सायकलींसाठी आठ जागा असतात, प्रत्येक जागेला क्रमांक असतो आणि आरक्षण सक्तीचे असते. हॅम्बुर्गहून वुर्झबुर्ग, न्युर्नबेर्गमार्गे म्युनिकला येणाऱ्या मार्गावर अशा गाड्या बऱ्याच आहेत. म्युनिकहून पुढे लान्ड्सहूट, प्लाटलिंगवरून पासाउपर्यंत प्रादेशिक गाडीने सव्वादोन तास लागतात. तिथे सायकलीचे वेगळे तिकीट काढावे लागते, पण जागा राखून ठेवता येत नाही. डब्यात जागा असेल तर चढायचे, नसेल तर पुढच्या गाडीची वाट पाहायची.

तुम्ही जून म्हणता, म्हणून एक सूचना करते. बव्हेरियातल्या, म्हणजे आमच्या प्रांतातल्या शाळांना पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते आणि ती मे-जूनमध्ये येते. त्या दिवसांत अर्धा बव्हेरिया सायकलीवर असतो आणि उरलेला अर्धा सायकल घेऊन गाडीत असतो.

तिसरा_गिअर

अख्ख्या गाडीला आठ जागा! पुण्यात आमच्या इमारतीच्या जिन्याखाली अकरा सायकली राहतात आणि त्यांतल्या चार कोणाच्या आहेत, हे कोणालाच ठाऊक नाही.

जुना_पाना

मी पुण्यात राहतो, वय एकाहत्तर. मुलगी लिंझला असल्यामुळे हा मार्ग दोनदा केला आहे, दोन्ही वेळा भाड्याच्या सायकलीवर, आणि मला त्यात यत्किंचितही कमीपणा वाटलेला नाही. आमच्या लहानपणी पुण्यात गल्लोगल्ली तासावर सायकल मिळत असे. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई, आणि त्या सायकलींवरच अख्खी पिढी चालवायला शिकली. सायकल आपलीच हवी, हा हट्ट मला अलीकडचा वाटतो.

मात्र एका बाबतीत मी हट्टी आहे. भाड्याच्या सायकलीची चाके, गिअर, ब्रेक यांची काळजी दुकानदार घेतो; पण सीट तो स्वतःच्या अंदाजाने लावतो आणि आपण मात्र स्वतःच्या हाडांनी बसतो. म्हणून मी पुण्याहून माझी सीट कापडात गुंडाळून बॅगेतून नेतो. दुकानात पोहोचल्यावर त्यांची सीट उतरवून स्वतःची बसवायला दहा मिनिटे पुरतात. फक्त सीट घ्यावी, खालचा दांडा घेऊ नये, कारण दांड्याची जाडी प्रत्येक सायकलीला वेगळी असते. पाहिजे तर पेडलही न्यावेत. पंचवीस किलोचे धूड देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेण्यापेक्षा पाव-अर्ध्या किलोची सीट नेणे शहाणपणाचे नाही का?

ब्रेक_व्हॅन

पाना साहेब, तुमचा मुद्दा मान्य. पण स्वतःची सायकल गाडीतून उतरवून घेण्यात जे समाधान आहे, ते सीटमध्ये नाही. इंजिनिअरिंगला पुण्यात प्रवेश मिळाला तेव्हा मी माझी सायकल भुसावळहून गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून आणली होती. पार्सल ऑफिसबाहेर वडिलांनी तिला सुतळीने गोणपाट शिवले, हँडलला पुठ्ठा बांधला आणि त्यावर काळ्या शाईने माझे नाव आणि ‘पुणे’ असे दोन बाजूंना लिहिले. सायकल वेळेवर आली. मीच पावती शर्टाच्या खिशात ठेवून शर्ट धुवायला टाकला होता. तो लगदा मी खिडकीवर नेऊन ठेवला, तेव्हा आतल्या बाबूंनी तो पेन्सिलीने उलगडून पाहिला आणि मला एक अर्ज लिहायला लावून, चारदा सही घेऊन सायकल दिली. अजून आभारी आहे त्यांचा.

मला कुतूहल आहे ते असे, की तिकडच्या गाड्यांत सायकल कोणाच्या तरी ताब्यात देतात, की आपणच चढवायची आणि आपणच उतरवायची?

शेपटीचा_वारा

आपणच चढवायची आणि आपणच उतरवायची. अपवाद म्हणून चेक रेल्वेच्या काही गाड्यांत सामानाच्या डब्यात सायकल ताब्यात घेतात. तेवढे सोडले, तर मध्य युरोपात हमाल म्हणजे आपणच.

मी व्हिएन्नात राहतो, म्हणून एल्बेकाठची यांना परतीबद्दल सावध करतो. जाण्याचा विचार सगळे करतात, येण्याचा कोणीच करत नाही. पासाउला लोक वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दिशांनी येतात. व्हिएन्नाहून मात्र शनिवारी-रविवारी सगळ्यांना एकाच दिशेला जायचे असते. ऑस्ट्रियाच्या रेलजेट गाडीत एका संचात सायकलींना मोजून पाच जागा, आणि त्याही टांगायच्या. पुढचे चाक वर आकड्यात अडकवून सायकल उभी लोंबकळत ठेवायची. साधी सायकल असेल तर फार त्रास नाही. बॅटरीची असेल तर आधी बॅटरी काढून घ्यावी, म्हणजे अडीच-तीन किलो वजन लगेच उतरते, आणि कोणाला तरी मागचे चाक उचलायला सांगावे. लांब मडगार्ड असेल तर उभे करताना त्याचे टोक जमिनीला टेकून वाकते, तिकडेही लक्ष असू द्यावे. अनेक गाड्यांत जाड टायर आकड्यात बसत नाहीत, आणि दोघांची जोडसायकल चालत नाही.

बाकी, दिशा तुम्ही योग्य निवडली आहे. नदीचा उतार पासाउ ते व्हिएन्ना जेमतेम दीडशे मीटरचा आहे, तो पायाला कळतही नाही. खरा आधार असतो तो पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याचा. माझे इथले नाव त्यावरूनच घेतले आहे. तरी खरे सांगायचे तर मी एकदा मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्याचा अख्खा टप्पा समोरून वारा खात काढला आहे, आणि जर्दाळूच्या बागांकडे मान वर करून पाहण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

घडीची_सायकल

दिरांबद्दल कोणी बोलले नाही म्हणून सांगतो. पुण्याहून स्वतःची बॅटरीची सायकल आणायचा विचार त्यांच्या मनात असेल, तर तो आजच काढून टाका. प्रवासी विमानात लिथियम बॅटरीची मर्यादा साधारण १६० वॅट-तासांची, आणि तीही १०० च्या वर गेल्यास विमान कंपनीची परवानगी घेऊन. सायकलीची बॅटरी ४०० ते ६०० ची असते. म्हणजे विमानाने सायकल येईल, बॅटरी येणार नाही, आणि बॅटरीशिवाय ती सायकल म्हणजे नुसते लोखंड. रेल्वेचा फायदा इथे दिसतो, तिथे बॅटरी बरोबर नेता येते.

आमचा मार्ग वेगळा आहे. मी आणि बायको लंडनला असतो आणि दोघांकडे सोळा इंची चाकांच्या घडीच्या सायकली आहेत. घडी घातली की ती सामान ठरते. सायकलीचे तिकीट नाही, आरक्षण नाही, आठ जागांची लॉटरी नाही. लिव्हरपूल स्ट्रीटहून हार्विचच्या बंदरापर्यंत रेल्वे, तिथून रात्रीच्या जहाजाने हुक व्हॅन हॉलंड, आणि २०१९ पासून तिथून थेट रॉटरडॅमची मेट्रो. एकदा मात्र आम्ही मित्राच्या मोठ्या सायकली घेऊन गेलो होतो, तेव्हा बंदरावर मोटारींच्या रांगेत उभे राहावे लागले. समोर कॅरॅव्हॅन, मागे ट्रक, मध्ये पावसात भिजणारे आम्ही दोघे. पासपोर्टची खिडकी मोटारीत बसलेल्या माणसाच्या उंचीला लावलेली असते, त्यामुळे शेंगेन व्हिसाचे पान दाखवायला मला सायकल एका हाताने धरून कमरेत वाकावे लागले. आत गेल्यावर जहाजाच्या तळमजल्यावर सायकल दोराने भिंतीच्या कठड्याला बांधायची, आणि बांधताना वर केबिनमध्ये न्यायची पिशवी आधीच वेगळी काढून ठेवायची, कारण जहाज सुटल्यावर खाली येऊ देत नाहीत. माझा दात घासायचा ब्रश त्या रात्री खालीच राहिला.

तिसरा_गिअर

घडीच्या सायकलीवर सव्वातीनशे किलोमीटर म्हणजे सोळा इंची चाकांनी किती फेरे, याचा हिशेब मी मांडायला घेतला होता. पण इथे नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला माझे स्टेशन आले.

हुक व्हॅन हॉलंडहून पुढे जाणाऱ्यांसाठी भर घालतो. नेदरलँड्सच्या गाड्यांत सायकलीला वर्षभर परवानगी असते, पण कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या वेळांत नसते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र दिवसभर चालते. रात्रीचे जहाज सकाळी आठच्या सुमारास लागते, म्हणजे मोठी सायकल असेल तर जूनमध्ये तुम्ही नेमके बंदीच्या वेळेत उतरता. अशा वेळी कॉफी प्यावी आणि नऊनंतर गाडी धरावी.

आणखी एक, जरा आशादायक. युरोपीय संघाचा रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा जो नियम २०२१ मध्ये झाला आणि जून २०२३ पासून लागू आहे, त्यात नव्या आणि मोठे नूतनीकरण होणाऱ्या गाड्यांत किमान चार सायकलींची जागा असावी असे कलम आहे. ते ७ जून २०२५ पासून अमलात आले आहे. सवलती बऱ्याच आहेत, आणि चार म्हणजे काही फार नाहीत.

चिंच_गूळ

मांडवी यांनी आरक्षणाचे सांगितले, पण आरक्षण हातात असूनही काय होऊ शकते ते मी सांगते. देश आणि कंपनी यांची नावे घेत नाही, कारण असे कुठेही घडू शकते.

आम्ही चौघे, चार सायकली, आठ पिशव्या. फलाटावर अर्धा तास आधी पोहोचलो. डब्यांच्या क्रमाचा तक्ता पाहिला, सायकलींचा डबा ‘अ’ विभागात येणार होता, म्हणून फलाटाच्या अगदी टोकाला जाऊन उभे राहिलो. नवरा इतका शिस्तीचा की त्याने सायकली गाडीत चढवायच्या क्रमाने उभ्या करून ठेवल्या. गाडी यायला तीन मिनिटे असताना घोषणा झाली की आज गाडीचे डबे उलट्या क्रमाने लागलेले आहेत. भाषा नीट न कळल्यामुळे मी शेजारच्या बाईंकडे पाहिले. त्यांच्याकडेही सायकल होती. त्यांनी काही सांगितले नाही, फक्त सायकल वळवली आणि पळत सुटल्या. तेव्हा मला अर्थ कळला.

बारा डब्यांची गाडी साडेतीनशे मीटर लांब असते. पिशव्यांसह भरलेली सायकल घेऊन, चढणाऱ्या-उतरणाऱ्या गर्दीतून, जिन्याच्या कठड्याला आणि फलाटावरच्या बाकांना चुकवत साडेतीनशे मीटर पळून पाहा. माझ्या मुलाने शेवटची पन्नास मीटर सायकलीवर बसून काढली, ज्याला मनाई असते, आणि गार्डने शिट्टी फुंकली ती आमच्यासाठी की गाडीसाठी हे मला आजही ठाऊक नाही. आम्ही चढलो. चारही सायकली दारातल्या जागेत एकमेकींवर पडल्या, आणि आमच्या क्रमांकाच्या जागेवर कोणाच्या तरी सूटकेसा ठेवलेल्या होत्या.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी करतो. फलाटावर कधीही टोकाला उभे राहत नाही, मध्यावर थांबतो, म्हणजे काही झाले तरी पळणे निम्मे होते. आणि पिशव्या सायकलीवरून आधीच उतरवून दोन मोठ्या निळ्या पिशव्यांत भरतो. एकाने सायकली वर घ्यायच्या, दुसऱ्याने पिशव्या. भरलेली सायकल पायरीवरून उचलायला गेलात तर पुढचे चाक फिरते आणि हँडल बरगडीत बसते.

जुना_पाना

हे वाचून माझी सीट मला आणखी प्रिय झाली आहे.

एल्बेकाठची

सर्वांचे आभार. चिंच_गूळ यांचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. ‘आपणही पळू,’ असे तो म्हणाला.

प्रादेशिक गाड्यांच्या पर्यायाबद्दल कोणी सविस्तर लिहील का? आमच्या दोघांकडे डॉइचलान्ड-तिकीट, म्हणजे देशभरातल्या प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास आहे, त्यामुळे माणसांचा वेगळा खर्च काहीच होणार नाही.

शेपटीचा_वारा

डॉइचलान्ड-तिकीट २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाले, २०२५ मध्ये ५८ युरोंचे होते, पण त्यात सायकल धरलेली नाही. सायकलीचे नियम प्रांताप्रांतांत आणि परिवहन मंडळागणिक वेगळे आहेत, त्यामुळे वाटेत कुठे सायकल फुकट जाते, कुठे गर्दीच्या वेळी चालत नाही, हे टप्प्याटप्प्याने पाहावे लागते. दोन दिवस हातात असतील तर मी स्वतः हाच मार्ग धरेन. गाडी चुकली तर दुसरी येते, आरक्षण वाया जात नाही, आणि डब्याची फरशी जवळजवळ फलाटाच्या उंचीला असल्यामुळे बऱ्याच गाड्यांत सायकल नुसती ढकलत आत नेता येते. पंचवीस किलोच्या सायकलीला यासारखे सुख नाही.

त्या डब्यातली रीत मात्र शिकून घ्यावी. भिंतीलगत घडीच्या खुर्च्या असतात, त्या वर करून सायकली एकीला एक टेकवून लावतात. शेवटपर्यंत जाणाऱ्याची सायकल भिंतीला, लवकर उतरणाऱ्याची बाहेर. म्हणून चढल्या चढल्या आधीच्या सायकलवाल्याला ‘तुम्ही कुठे उतरणार?’ एवढे विचारावे. हा प्रश्न न विचारता सायकल लावून जो माणूस लांबच्या खुर्चीवर जाऊन झोपतो, त्याला पुढच्या स्थानकावर सगळा डबा मिळून उठवतो. व्हीलचेअर आणि बाबागाडी आली की सायकलवाल्याने जागा करून द्यायची, त्यात वाद नाही. आणि निघण्यापूर्वी मार्गावर दुरुस्तीचे काम नाही ना, हे नक्की पाहावे. रेल्वेऐवजी बस सोडली असेल तर ती सायकल घेईलच, याची हमी नसते.

मांडवी

शेपटीचा_वारा यांच्याशी मी इथे सहमत नाही. हॅम्बुर्ग ते पासाउ प्रादेशिक गाड्यांनी म्हणजे इतक्या वेळा गाडी बदलणे आले, की प्रत्येक बदलाला लिफ्ट चालू असेल का, ही धाकधूक आलीच. मोठ्या लांबीची सायकल असेल तर काही लिफ्टमध्ये ती तिरकी उभी करावी लागते आणि एका वेळी एकच मावते. जून २०२२ ते ऑगस्ट २०२२ या काळात महिन्याला नऊ युरोंचे तिकीट होते, तेव्हा याच गाड्यांतून सायकलवाल्यांना फलाटावर राहावे लागलेले मी पाहिले आहे. जलद गाडीने न्युर्नबेर्गपर्यंत यावे आणि तिथून पुढे रेगेन्सबुर्गवरून प्रादेशिक गाडीने जावे. लांबचा टप्पा एकाच बैठकीत संपतो आणि गाड्या बदलणे कमीत कमी.

हवे तर रेगेन्सबुर्गलाच उतरा. बाराव्या शतकातला दगडी पूल ओलांडून तिथूनच सायकल सुरू करा, पासाउपर्यंत दीडशे किलोमीटर अधिक होतील.

तिसरा_गिअर

माझा एक आगाऊ प्रश्न. ज्या बाईंचे नावच एल्बेकाठची आहे, त्यांनी डॅन्यूबकडे का जावे? हॅम्बुर्गहून प्रागला थेट गाडी आहे, तीत सायकलीचे आरक्षण मिळते. प्रागला उतरा आणि वल्टावा, मग एल्बे अशा नद्यांच्या काठाने ड्रेस्डेन, माग्डेबुर्ग करत सायकलने घरी या. रेल्वे एकदाच, परतीची चिंता नाही, आणि शेवटच्या दिवशी थेट स्वतःच्या दारात सायकल लावायची.

शेपटीचा_वारा

कल्पना सुंदर आहे, पण एल्बेच्या उताराने यायचे म्हणजे पश्चिमेचा वारा बहुतेक तोंडावर. म्हणूनच अनेक जण एल्बे उलटी, म्हणजे हॅम्बुर्गहून वर ड्रेस्डेनकडे करतात. शिवाय अंतर आठशे किलोमीटरच्या वर जाते.

एल्बेकाठची

एल्बे मी रोज पाहते, आणि दिरांनी ‘डॅन्यूब’ हे नाव पुण्यात सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवले आहे. आता नदी बदलता येणार नाही.

ब्रेक_व्हॅन यांच्या प्रश्नाला जोडून मलाही विचारायचे आहे. लांबच्या प्रवासात सायकल एका डब्यात आणि आपण दुसऱ्यात असलो, तर तिला कुलूप लावावे का?

चिंच_गूळ

आरक्षणाच्या गाडीत शक्यतो त्याच डब्यात खुर्ची घ्यावी. आम्ही चाकाला छोटे कुलूप लावतो, पण सायकल गाडीच्या खांबाला बांधत नाही. एखाद्याला त्याची सायकल काढण्यासाठी आपली हलवावी लागली तर पंचाईत होते. बॅटरी, हँडलवरचा संगणक, पंप आणि पासपोर्टची पिशवी मात्र नेहमी जवळ.

एल्बेकाठची

आज संध्याकाळी बसून आरक्षण पाहिले आणि निम्मा वाद गाडीनेच मिटवला. आमच्या तारखेला, न्युर्नबेर्गपर्यंतच्या सोयीच्या गाडीत सायकलीची एकच जागा शिल्लक होती. तारीख पुढे ढकलली तर दीर-जाऊबाईंच्या विमानाची तिकिटे बदलावी लागतील. म्हणून नवऱ्याची सायकल येणार, माझी घरी राहणार. मी पासाउला बॅटरीची सायकल भाड्याने घेणार, दीर आणि जाऊबाईही भाड्यानेच घेणार, आणि माझी सीट मी जुना_पाना यांच्या पद्धतीने कापडात गुंडाळून नेणार. परतीसाठी व्हिएन्नातून रविवारऐवजी मंगळवार घेतला, तेव्हा एका सायकलीला जागा लगेच मिळाली.

जुना_पाना

सीट रेल्वेने नेत आहात, त्यातच सगळे आले. सीटखालच्या बोल्टला लागणारा षट्कोनी पाना बरोबर ठेवा, बहुधा पाच किंवा सहा मिलिमीटरचा लागतो. दुकानात असतोच, पण वाटेत सीट खालीवर करावी लागते, तेव्हा दुकान नसते.

एल्बेकाठची

जूनमध्ये धागा वर काढते आहे, कारण हे पासाउहून लिहिते आहे. गाडी सरळ क्रमाने आली, तरीही नवरा फलाटाच्या मध्यावरच उभा होता. न्युर्नबेर्गहून पुढच्या गाडीत आमच्याआधी पाच सायकली होत्या. मी ‘कुठे उतरणार?’ असे विचारले, आणि तिघे रेगेन्सबुर्गला उतरणार असे कळल्यावर सगळ्या सायकली काढून पुन्हा लावाव्या लागल्या. एका आजोबांनी ते काम हातातली छडी दाखवत करून घेतले.

संध्याकाळी दुकानात जाऊन सायकली ताब्यात घेतल्या. इन नदी डॅन्यूबला मिळते तिथपर्यंत फेरफटका मारून आलो. जाऊबाईंना त्यांच्या सायकलीची सीट टोचत होती, म्हणून मी माझी त्यांच्या सायकलीला लावून दिली, केवळ आजच्यापुरती. आता त्या म्हणतात की त्यांना व्हिएन्नापर्यंत हीच हवी. पाना, लिंझला चांगली सीट कोणत्या दुकानात मिळेल, तेवढे सांगता का? लिंझ इथून दोन दिवसांवर आहे.